आरे ते कफ परेड: परदेशी सरकारं कर्ज का देतात, आणि ते फेडतं कोण

वांद्रे-कुर्ला संकुलात नाबार्डचं मुख्यालय आहे आणि कफ परेडला भारताच्या एक्झिम बँकेचं. दोन्ही भारत सरकारच्या विकास बँका. या दोन ठिकाणांना जोडणारी मेट्रो ३ मात्र निम्म्याहून अधिक जपान सरकारच्या कर्जातून उभी राहिली. साडेतेहतीस किलोमीटरचा मार्ग, २७ स्थानकं, सुधारित खर्च सुमारे ३७,२७६ कोटी रुपये. त्यातला ५७ टक्क्यांच्या आसपासचा वाटा जायकाचा, म्हणजे जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेचा.

‘जपानने पैसे दिले’ असं आपण सहज बोलून जातो. जपानने पैसे उसने दिले आहेत आणि ते येनमध्ये परत घेणार आहे. तरीही हे कर्ज साध्या बँकेच्या कर्जापेक्षा वेगळं आहे. हा वेगळेपणा नेमका कशात, हे कळलं की पुलांच्या, मेट्रोच्या आणि सौरप्रकल्पांच्या बातम्या वेगळ्या दिसू लागतात. लोक आधी व्याजदर विचारतात. माझ्या मते तो शेवटी विचारावा. आधी मुदत बघावी आणि मग जोखीम कुणाच्या अंगावर आहे ते बघावं.

आपल्या बँका एवढी मोठी कर्जं का देत नाहीत

बँकेकडचा पैसा ठेवीदारांचा असतो. बहुतेक मुदत ठेवी एक ते तीन वर्षांच्या. तो पैसा तीस वर्षांसाठी भुयारात घातला आणि ठेवीदार दोन वर्षांनी मागायला आला, तर बँक अडचणीत येते. त्यात मेट्रोला पहिली सात-आठ वर्षं एका तिकिटाचंही उत्पन्न नसतं. म्हणजे हप्ते सुरू व्हायची वेळ येते तेव्हा कमाई सुरूच झालेली नसते.

ही अडचण जुनी आहे आणि तिच्यावर उपाय म्हणून जगभर सरकारांनी खास संस्था काढल्या. ब्राझीलची बीएनडीईएस १९५२ ची. आपल्याकडे आयएफसीआय १९४८ मध्ये आली, जागतिक बँकेच्या मदतीने आयसीआयसीआय १९५५ मध्ये, आयडीबीआय १९६४ मध्ये. या संस्थांना स्वस्त आणि दीर्घ मुदतीचा पैसा मिळायचा आणि त्या तो कारखान्यांना द्यायच्या. नव्वदच्या दशकात तो स्वस्त पैसा आटला. २००२ मध्ये आयसीआयसीआय आपल्याच बँकेत विलीन झाली आणि २००४ मध्ये आयडीबीआयही बँक झाली. जागा मोकळी पडली ती व्यापारी बँकांनी भरायचा प्रयत्न केला. रस्ते आणि वीजप्रकल्पांची लांबलचक कर्जं त्यांनी छोट्या मुदतीच्या ठेवींवर उभी केली आणि पुढच्या दशकात त्यातली कितीतरी बुडीत खाती झाली. २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारी कंपनी कोसळली तेव्हा तर अल्पमुदतीच्या उसनवारीवर दीर्घमुदतीचे प्रकल्प चालवण्याचा धोका सगळ्यांनाच दिसला. म्हणून २०२१ मध्ये कायदा करून नॅबफिड ही नवी विकास वित्तसंस्था काढावी लागली. सरकारने तिला २०,००० कोटींचं भागभांडवल आणि ५,००० कोटींचं अनुदान दिलं.

परदेशी सरकारांच्या संस्था याच फटीत पैसा ओततात. जर्मनीची केएफडब्ल्यू १९४८ ची, मूळची युद्धानंतरच्या पुनर्बांधणीसाठी काढलेली. तिने आणि फ्रान्सच्या एएफडीने नागपूर मेट्रोला अनुक्रमे ५० कोटी आणि १३ कोटी युरोचं कर्ज दिलं. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौरप्रकल्पही केएफडब्ल्यूच्याच पैशावर झाला. जपानचं तर जगातलं पहिलं येन-कर्ज १९५८ मध्ये भारतालाच मिळालं होतं.

या संस्थांना इतका स्वस्त पैसा कुठून मिळतो? बहुतेक वेळा त्यांच्यामागे त्यांच्या सरकारची हमी असते. केएफडब्ल्यू रोखे काढते तेव्हा गुंतवणूकदार जर्मन सरकारकडे बघून पैसे देतात. जायकाला जपान सरकारच्या अर्थसंकल्पातून आणि सरकारी निधीतून पैसा मिळतो. म्हणजे आपण त्या देशाची पत वापरत असतो.

एका कर्जाचं गणित

समजा एका शहराला १,००० कोटी रुपये हवेत.

पहिला पर्याय बँकेचा: ९ टक्के व्याज, १५ वर्षं, समान वार्षिक हप्ते. हप्ता येतो सुमारे १२४ कोटी, पहिल्या वर्षापासून. बांधकाम चालू, उत्पन्न शून्य, आणि दरवर्षी १२४ कोटी बाहेर.

दुसरा पर्याय विकासकर्जाचा: १.४ टक्के व्याज, ३० वर्षं, त्यातली पहिली १० वर्षं मुद्दल फेडायची नाही. पहिली दहा वर्षं फक्त १४ कोटी व्याज, तेही सगळी रक्कम उचलली असेल तर. मग वीस वर्षं दरसाल ५० कोटी मुद्दल आणि कमी होत जाणारं व्याज. अकराव्या वर्षी एकूण ६४ कोटी, तिसाव्या वर्षी ५१ कोटीपेक्षाही कमी.

इथेच पुष्कळ लोक वही मिटतात. पण हे कर्ज रुपयात नाही. सावकाराचं चलन रुपयाच्या तुलनेत दरसाल ३ टक्क्यांनी महाग होत गेलं असं धरा. अकराव्या वर्षीचे ६४ कोटी होतात सुमारे ८९ कोटी आणि तिसाव्या वर्षीचे ५१ कोटी होतात १२३ कोटी. म्हणजे १.४ टक्क्यांचं कर्ज प्रत्यक्षात साडेचार टक्क्यांच्या जवळ जाऊन बसतं. तरी ते बँकेपेक्षा स्वस्तच आहे. शिवाय त्या तीस वर्षांत तिकिटंही वाढलेली असतात. पण बातमीतला ‘१.४ टक्के’ हा आकडा एकटा वाचायचा नाही, एवढं यातून कळावं.

चलन असं सरळ रेषेत चालतही नाही. २००७ च्या मध्याला एक येन साधारण ३४ पैशांना होता. २०१२ मध्ये तो ६७ पैशांच्या आसपास गेला. पाच वर्षांत येनमधलं कर्ज रुपयात जवळजवळ दुप्पट झालं, एक येनही जास्त न घेता. मग चक्र उलटं फिरलं. २०२४ मध्ये येन ५५-५६ पैशांवर उतरला होता. २०१३ ला, येन ६४ पैशांच्या आसपास असताना ज्यांनी पैसे उचलले, त्यांचं ओझं रुपयात हलकं झालं.

यात एक गुंता आहे, तो कुणी फारसा सांगत नाही. करार येनमध्ये असतो आणि पैसे मात्र वर्षानुवर्षं, बिलांप्रमाणे येतात. उचल बाकी असताना येन पडला तर मंजूर कर्जाचे रुपये कमी होतात आणि प्रकल्पाला पैसा अपुरा पडतो. उचल संपल्यावर येन पडला तर परतफेड स्वस्त होते. एकाच चलनाची एकच घसरण, पण ती कधी आली यावर नफा की तोटा ते ठरतं.

ही जोखीम विम्यासारखी बाहेर टाकता येते. बँकेशी करार करून विनिमय दर आधीच बांधून घ्यायचा. पण त्याची किंमत दोन देशांच्या व्याजदरांतल्या फरकाएवढीच येते आणि स्वस्त व्याजाचा बराचसा फायदा तिथेच विरतो. म्हणून सरकारं बहुधा ही जोखीम बांधून न घेता स्वतःच्या अंगावर घेतात. मग ती अंगावर घेणारं सरकार कुठलं, केंद्र की राज्य? सर्वसाधारण राज्यांना केंद्र २००५ पासून परदेशी कर्ज ज्या अटींवर मिळालं त्याच अटींवर पुढे देतं आणि विनिमयाचा फटका राज्याने सोसायचा असतो. मेट्रोसारख्या प्रकल्पात पैसा केंद्रामार्फत थेट प्रकल्प-कंपनीकडे जातो. तिथे फेड कंपनीने करायची आणि कंपनीला नाही जमलं तर राज्याने उभं राहायचं, असे करार असतात. आपल्या शहरातल्या प्रकल्पाबद्दल विचारायचा पहिला प्रश्न हाच असावा.

पैसा प्रत्यक्षात येतो कसा

करारावर सह्या झाल्या की खात्यात रक्कम जमा होते, असा समज आहे. तसं होत नाही.

राज्य प्रस्ताव तयार करतं आणि तो दिल्लीला अर्थमंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाकडे जातो. तिथे छाननी होते आणि मग हा विभागच तो परदेशी संस्थेपुढे ठेवतो. राज्य परस्पर तोक्योला जाऊन कर्ज घेऊ शकत नाही. संस्थेचं पथक येऊन बघतं: प्रवाशांचे अंदाज, खर्च, झाडं, विस्थापित कुटुंबं, चालवणाऱ्या कंपनीची ताकद. जपानच्या बाबतीत आधी दोन सरकारांमध्ये पत्रांची देवाणघेवाण होते आणि मग कर्जकरार. मेट्रो ३ चा पहिला करार सप्टेंबर २०१३ मध्ये झाला, ७१ अब्ज येनचा.

मग निविदा. निविदेचा मसुदा, बोलीदारांचं मूल्यमापन, अंतिम ठेका, या प्रत्येक टप्प्यावर मोठ्या कामांसाठी सावकार संस्थेची संमती लागते. एक शेरा आला की महिना जातो. काम सुरू झाल्यावर ठेकेदार बिल देतो, अभियंता मोजमाप तपासून सही करतो, कंपनी पैसे देते, दावा दिल्लीतल्या परदेशी मदतीचा हिशेब ठेवणाऱ्या कार्यालयाकडे जातो, तिथून सावकाराकडे, आणि मग येन येतात. मधल्या काळात राज्याच्या अर्थसंकल्पात त्या कामासाठी तरतूद नसेल तर परदेशात मंजूर पैसा पडून असतो आणि इथे ठेकेदार थांबलेला असतो.

पडून राहिलेल्या पैशालाही किंमत असते. जागतिक बँकेच्या कर्जावर न उचललेल्या रकमेवर वर्षाला पाव टक्का आकार लागतो. १,००० कोटी न वापरता पडले तर वर्षाला अडीच कोटी, फक्त पैसा राखून ठेवल्याबद्दल.

सगळ्यात जास्त गाडी अडते ती जमिनीपाशी. जायका आपल्या कर्जातून भूसंपादन, नुकसानभरपाई, कर आणि कार्यालयीन खर्च देत नाही. ते राज्याने स्वतःच्या खिशातून, आणि तेही आधी करायचं. म्हणजे स्वस्त कर्जाची गाडी राज्याच्या महाग पैशाशिवाय हलत नाही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं उदाहरण घ्या: ५०८ किलोमीटर, मूळ अंदाज सुमारे १ लाख ८ हजार कोटी, त्यातला ८१ टक्के वाटा जपानचा, ०.१ टक्का व्याजाने, ५० वर्षांसाठी, पहिली १५ वर्षं मुद्दल नाही. यापेक्षा उदार अट सापडणं कठीण. तरी पालघरमधल्या जमिनीच्या प्रश्नात महाराष्ट्रातलं काम वर्षानुवर्षं रखडलं. व्याजदर शून्याजवळ असूनही शेतकऱ्याची जमीन लवकर मिळाली नाही.

मेट्रो ३ चं तेच. मूळ अंदाज २३,१३६ कोटी होता. आरेतल्या कारशेडचा वाद झाला, कारशेड आधी कांजूरमार्गला न्यायचं ठरलं आणि २०२२ मध्ये पुन्हा आरेत आलं. कामाला लागलेला वेळ वाढला आणि आकडा ३७,००० च्या पुढे गेला. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ ला आणि पूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ ला सुरू झाला. आरेच्या झाडांबद्दल माणसाचं मत काहीही असो, कर्ज देणाऱ्याचं व्याज कमी असलं तरी उशिराचा खर्च पूर्ण दरानेच भरावा लागतो.

सावकाराच्या अटी नेहमी जाचच असतात असंही नाही. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात, ज्याला लोक एमयूटीपी म्हणतात, जागतिक बँकेने २००२ मध्ये ५४ कोटी २० लाख डॉलरचं कर्ज दिलं. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यावरच्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनी बँकेच्या स्वतंत्र तपासणी मंडळाकडे तक्रार केली. मंडळाने पुनर्वसनातल्या त्रुटी दाखवल्या आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसनाच्या भागाचे पैसे थांबवले. काही महिन्यांनी सुधारणा झाल्यावर ते पुन्हा सुरू झाले. स्थानिक कार्यालयात ज्यांचं कुणी ऐकत नव्हतं, त्यांना वॉशिंग्टनच्या दाराने दाद मिळाली. हा दरवाजा आहे हे प्रकल्पबाधितांना माहीत असायला हवं. जायका, केएफडब्ल्यू, ब्रिटिश आणि अमेरिकी संस्था, सगळ्यांकडे तक्रारीची अशी सोय आहे.

अंजनवेल: जोखीम चुकीच्या खांद्यावर गेली तेव्हा

विकास-वित्त कुठे फसतं हे समजून घ्यायला महाराष्ट्राला परदेशी उदाहरण लागत नाही. वाशिष्ठीच्या खाडीच्या एका काठावर दापोली तालुक्यातलं दाभोळ, दुसऱ्या काठावर गुहागर तालुक्यातलं अंजनवेल. वीजप्रकल्पाला नाव दाभोळचं मिळालं, उभा राहिला तो अंजनवेलला.

१९९२ मध्ये एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीशी सामंजस्य करार झाला. वर्षभरातच जागतिक बँकेने या प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला. राज्याच्या गरजेपेक्षा ही वीज जास्त आणि महाग आहे, असं तिचं म्हणणं होतं. तरी डिसेंबर १९९३ मध्ये राज्य विद्युत मंडळाने वीज खरेदी करार केला. प्रकल्पाची शेवटी ठरलेली क्षमता दोन टप्पे मिळून २,१८४ मेगावॅट, त्यातला पहिला ७४० मेगावॅटचा.

जागतिक बँकेने हात मागे घेतला तिथे अमेरिकी सरकारच्या दोन संस्था पुढे आल्या. अमेरिकेच्या एक्झिम बँकेने कर्ज दिलं आणि ओपिकने कर्जाबरोबर राजकीय जोखमीचा विमाही दिला. एकीचं काम अमेरिकी निर्यात वाढवणं, दुसरीचं काम अमेरिकी गुंतवणूकदाराला परदेशात सांभाळणं. एन्रॉनबरोबर भागीदार होत्या जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल: एकीची यंत्रं, दुसरीचं बांधकाम. महाराष्ट्राला एवढी वीज लागेल का, हा प्रश्न या दोन संस्थांच्या कामाच्या केंद्रात नव्हता. एकच प्रकल्प, एका संस्थेने नाकारला, दोघींनी उचलला, आणि कारण साधं होतं: प्रत्येकीला उत्तर कुणाला द्यायचं हे वेगळं होतं. विकास-वित्त म्हटलं की सगळ्यांना एकाच पारड्यात टाकू नये, ते यासाठी.

आता जोखमीचं वाटप बघा. वीज घेतली नाही तरी क्षमतेचा आकार, म्हणजे प्रकल्प तयार ठेवल्याचा मोबदला, मंडळाने द्यायचा, म्हणजे मागणीची जोखीम मंडळाची. दर डॉलरशी बांधलेला, म्हणजे चलनाची जोखीम मंडळाची. इंधन महागलं तर तेही मंडळाचं. मंडळ चुकलं तर राज्याची हमी आणि राज्य चुकलं तर केंद्राची प्रतिहमी. कंपनीकडे प्रकल्प वेळेत बांधून तो चालता ठेवण्याची जबाबदारी उरली. करार झाला तेव्हा डॉलर एकतीस-बत्तीस रुपयांना होता, २००१ च्या मध्याला सत्तेचाळीसवर गेला.

सत्ताबदलानंतर ऑगस्ट १९९५ मध्ये करार रद्द झाला, पुढच्या वर्षी नव्या अटींवर पुन्हा झाला आणि मे १९९९ मध्ये वीज सुरू झाली. पहिला टप्पा नाफ्त्यावर चालत होता आणि तेलाचे भाव चढले. २००० च्या उत्तरार्धात एका युनिटचा दर सात रुपयांपुढे गेला. मंडळाला ही वीज परवडेना. माधव गोडबोले समितीने २००१ मध्ये कराराच्या अटींवर कडक ताशेरे ओढले, त्याच वर्षी मे महिन्यात मंडळाने वीज घेणं थांबवलं आणि प्रकल्प बंद पडला. डिसेंबरात एन्रॉन दिवाळखोरीत गेली.

गोष्ट इथे संपत नाही, विम्याचा पेच पुढे आहे. ओपिकने बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिकला विम्याचे पैसे दिले. विमा सरकारचा असल्यामुळे तो दावा आता अमेरिकी सरकारचा झाला आणि दोन देशांतल्या कराराचा आधार घेऊन अमेरिकेने भारताविरुद्ध लवाद मागितला. खासगी कंपनी आणि राज्याचं विद्युत मंडळ यांच्यातलं भांडण दोन सरकारांमधलं होऊन बसलं. २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढून एनटीपीसी आणि गेल यांच्या हाती प्रकल्प सोपवला गेला. देशातल्या सरकारी वित्तसंस्थांचा पैसाही त्यात मोठ्या प्रमाणावर अडकला होता. अंजनवेल, वेलदूर, काताळवाडीच्या लोकांनी आंदोलनात लाठ्या खाल्ल्या, त्याची भरपाई कुठल्याही हिशेबात नाही.

ओपिक पुढे २०१९ च्या अखेरीस डीएफसी या नव्या अमेरिकी संस्थेत विलीन झाली.

खासगी कंपन्यांना सरकारी पैसा का

वर सांगितलेली बहुतेक कर्जं सरकारला दिलेली. दुसरी शाखा थेट खासगी कंपन्यांना कर्ज देते किंवा भांडवल घालते: ब्रिटनची बीआयआय, अमेरिकेची डीएफसी, नेदरलँड्सची एफएमओ, फ्रान्सची प्रोपार्को. यातली बीआयआय सर्वात जुनी. १९४८ मध्ये ती वसाहतींसाठी काढलेलं महामंडळ म्हणून सुरू झाली आणि २०२२ मध्ये तिला आजचं नाव मिळालं.

इथला कस एकच: हा पैसा नसता तर काम झालंच नसतं का? बाजारातून पैसा मिळत असलेल्या कंपनीला सरकारी पैसा देणं म्हणजे भरलेल्या विहिरीत घागर ओतणं. बीआयआयने २०१८ मध्ये भारतात अयाना ही सौर-पवन ऊर्जेची कंपनी एकटीने सुरू केली, नंतर भारताचा राष्ट्रीय गुंतवणूक निधी आत आला आणि २०२५ मध्ये ओएनजीसी-एनटीपीसीच्या संयुक्त कंपनीने ती विकत घेतली. जोखीम जास्त असताना आत यायचं आणि बाजार तयार झाला की बाहेर पडून पैसा पुढे न्यायचा, हे या शाखेचं अपेक्षित वागणं. डीएफसीने फर्स्ट सोलरच्या तामिळनाडूतल्या कारखान्याला ५० कोटी डॉलरपर्यंतचं कर्ज दिलं, तिथे मात्र चीनबाहेर सौरपट्ट्यांचा पुरवठा उभा करण्याचं अमेरिकी धोरण स्पष्ट होतं. त्यात वाईट काही नाही. फक्त हे धोरण वाचून कर्ज घ्यावं.

खासगी कर्जातही चलनाचा प्रश्न येतोच, आणि छोट्या कंपनीला तो झेपत नाही. त्यासाठी विकास बँकांनी मिळून २००७ मध्ये टीसीएक्स नावाचा निधी काढला, जो गरीब देशांच्या चलनांची जोखीम स्वतःवर घेतो. जागतिक बँक गटातल्या आयएफसीने २०१४ मध्ये लंडनच्या बाजारात १,००० कोटींचे रुपयातले रोखे विकले, ‘मसाला बॉण्ड’ नावाने. परदेशी गुंतवणूकदाराने रुपया पडण्याची जोखीम घेतली, भारतीय कर्जदाराने नाही. मला या सगळ्या क्षेत्रातली ही सर्वात निरोगी दिशा वाटते, कारण कमाई ज्या चलनात त्याच चलनात कर्ज असावं, हा नियम घरगुती हिशेबालाही लागू पडतो.

बांधील कर्ज, आणि सावकाराच्या खुर्चीत आपण

काही कर्जांना अट असते की माल आमच्याच देशातून घ्या. जपानच्या एका खास योजनेत व्याज फार कमी, पण ठेक्याच्या किमान ३० टक्के वाटा जपानी माल-सेवांचा हवा. जेएनपीटीपासून दादरीपर्यंतच्या पश्चिम मालवाहू रेल्वेमार्गिकेचं कर्ज याच प्रकारचं. स्पर्धा कमी झाली की बोली चढते, म्हणून कमी व्याजातून वाचलेला पैसा किमतीत परत जातो का, हे निविदेच्या वेळी तपासावं लागतं.

आपणही हेच करतो. कफ परेडची एक्झिम बँक भारत सरकारच्या वतीने आफ्रिका-आशियातल्या देशांना कर्जरेषा, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसं उचलायचं कर्ज, देते आणि साधारणपणे ७५ टक्के माल-सेवा भारतातून घ्यायची अट घालते. मॉरिशसमध्ये, जिथे मराठी वंशाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात, पोर्ट लुईस ते क्युरपीप मेट्रो एक्सप्रेस भारताच्या अनुदानातून आणि कर्जातून झाली आणि बांधली मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोने. जपान आपल्याशी जसा वागतो, तसेच आपण मॉरिशसशी वागतो.

कर्जाच्या सापळ्याची चर्चा आली की हंबनटोटाचं नाव येतं. श्रीलंकेने ते बंदर बांधायला चीनच्या एक्झिम बँकेकडून घेतलेल्या पहिल्या कर्जाचा ३० कोटी डॉलरचा मोठा भाग ६.३ टक्के व्याजाचा होता, जायकाच्या दरापेक्षा कितीतरी महाग. २०१७ मध्ये बंदर ९९ वर्षांच्या भाड्याने १.१२ अब्ज डॉलरला गेलं, पण त्या पैशाने बंदराचं कर्ज मिटलं नाही. तो परकीय गंगाजळीत गेला आणि कर्ज श्रीलंकेच्या डोक्यावर राहिलं. २०२२ मध्ये देशाने परतफेड थांबवली तेव्हा कर्जातला मोठा वाटा बाजारात विकलेल्या रोख्यांचा होता. दोष एका सावकारावर ढकलून भागत नाही. जहाजं येतील की नाही याचा नीट अंदाज न घेता बांधलेलं बंदर कुठल्याही व्याजावर महागच पडतं.

आपल्या गावातल्या किंवा शहरातल्या प्रकल्पाचं कर्ज तपासायचं असेल तर संस्थेच्या संकेतस्थळावर दोन कागद शोधा. एक, मंजुरीआधीचं मूल्यमापन: त्यात व्याज, मुदत, सवलतीचा (मुद्दल न फेडण्याचा) काळ, अपेक्षित प्रवासी किंवा युनिटं आणि पर्यावरणाची वर्गवारी असते. दुसरा, काम संपल्यानंतर काही वर्षांनी होणारं मूल्यमापन. जायका त्यात प्रकल्पाला अ ते ड अशी श्रेणी देते आणि अंदाज व प्रत्यक्ष आकडे शेजारी-शेजारी मांडते. मेट्रो ३ चा हा दुसरा अहवाल यायला अजून वेळ आहे. २०१३ मध्ये घेतलेल्या पहिल्या ७१ अब्ज येनच्या कर्जाची मुदत ३० वर्षांची, त्यामुळे त्याचा शेवटचा हप्ता २०४३ च्या सुमारास जाईल.